फोर्ट विल्यम आणि प्रकल्पप्रमुख

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला डिसेंबर 2024 मध्ये ‘विजयदुर्ग’ हे कोकणातील किल्ल्याचे नाव मिळाले. मराठी माणसाला ते सुखावते. मला मात्र त्याच्या बांधकामाचा इतिहास अधिक बोलका वाटतो. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने 1742 मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. धास्ती ओसरताच तो अर्धवट राहिला. प्लासीनंतर, 1758 मध्ये, हा किल्ला सुरू झाला. त्याचा पहिला अभियंता कॅप्टन जॉन ब्रोहियर 1760 मध्ये अफरातफरीच्या आरोपाखाली पकडला गेला व फरार झाला. तरीही 1781 च्या सुमारास किल्ला पुरा झाला. प्रशासकीय सेवेत मी हेच शिकलो: प्रमुख बदलतात, काम उरते. उत्तराधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून पुढे नेता येईल अशा स्थितीत काम आणि चोख हिशेब त्याच्या हाती देणे, हे प्रकल्पप्रमुखाचे पहिले कर्तव्य होय.