आश्विनातले घर

थंड देशांतील कथा-कादंबऱ्या वाचताना शरद ऋतूचे जे चित्र आपणांपुढे उभे राहते, ते दारे लावून घेतलेल्या घराचे असते. बाहेर पानगळ आणि बोचरा वारा, आत पेटलेली शेगडी. आपल्या खानदेशात नेमके याच्या उलट घडते. पावसाने चार महिने कोंडून ठेवलेले घर आश्विनात मोकळे होते. गोधड्या उन्हात पडतात, बाजा अंगणात येतात, आणि कोजागरीला माणसे धाब्यावर चढतात. घराची ऊब कशात असते हे ठरविताना तिकडचे माप इकडे लावू नये, एवढ्यासाठी हा विषय आम्ही घेतला आहे.

सावद्याचे जुने घर मातीचे. जुन्या कागदांत गावाचे दोन भाग सांगितलेले असतात : काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वस्तीची माती पांढरी का? पिढ्यान्‌पिढ्या तेथे भिंती पडल्या, चुलींची राख साचली, केरकचरा कुजला. त्यांतून ती झाली. धाब्याला लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि सर्वांत वर हीच पांढरी माती चोपून बसवीत, कारण तिच्यातून पाणी लवकर झिरपत नाही. म्हणजे आजोबांच्या पडक्या भिंतीची माती नातवाच्या डोक्यावर छप्पर होऊन येई. गिरणाकाठी बहाळ येथे १९५२-५३ साली आणि तापीकाठी प्रकाशा येथे १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा हजारो वर्षांच्या वस्त्यांचे थर असेच एकावर एक रचलेले आढळले. इतिहास म्हटला की आपली दृष्टी गढीकडे जाते. वस्तुतः तो आपल्या धाब्यावरही पसरलेला होता.

असे घर पावसाळ्यात झिजते. भिंतींचे पोपडे निघतात, ओटा खचतो, एखादा कोपरा गळतो, ओल्या गोवऱ्यांचा धूर घरात कोंडतो. तेव्हा घटस्थापनेपूर्वीची झाडलोट ही हौस नव्हती. ती डागडुजी होती. भेगा बुजवायच्या, भिंतींना पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, गेरूचा पट्टा ओढायचा, जमीन शेणाने सारवायची आणि मग दारात रांगोळी. हे बहुतेक काम बायकांचे. जुन्या दप्तरांत वतनदारांची नावे सापडतात, सनदा सापडतात, भाऊबंदांचे तंटे तर विपुल सापडतात. सारवणाऱ्या हातांची नोंद कोणी ठेविली नाही. सारवलेल्या जमिनीच्या गारव्यासाठी आज हळहळणारे लोकही, आमच्या पाहण्यात, बहुधा आयुष्यात कधी पोतेरे हाती न धरलेले पुरुषच असतात!

एवढे श्रम कोणासाठी? याचे उत्तर भूगोलात आहे. सावद्याच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, आणि मध्ये काळ्या जमिनीचा पट्टा. पावसाळ्यात ही जमीन गाडीचे चाक धरून ठेवी, आणि तापीला पूर असला म्हणजे पलीकडच्या गावी दिलेली लेक जणू परदेशी गेल्यासारखी होई. आश्विनात वाटा वाळत, पाणी उतरे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मराठी फौजा मुलुखगिरीस निघत, हे आपण शाळेत शिकतो. त्याच उघडलेल्या वाटांनी सासुरवाशिणी माहेरी येत, हे कोणी शिकवीत नाही. पुढे भुसावळहून खांडव्याकडे जाणारी आगगाडी सावद्यावरून धावू लागली. १८७० मध्ये तर जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता हा मार्ग सलग झाला. तापीचा उतार पाहण्याचे काम तेव्हापासून कमी झाले.

लेकीच्या या येण्याला आमच्या भागाने देवीचे रूप दिले आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर गुलाबाई घरी बसते. वऱ्हाडात तिला भुलाबाई म्हणतात. ती पार्वती, माहेरी आलेली; सोबत पती. नुकत्या सारवलेल्या भिंतीच्या कोनाड्यात मातीची ही जोडी मांडायची, संध्याकाळी मुलींनी टिपऱ्या घेऊन घरोघर जायचे, सासरची गाऱ्हाणी गाण्यांतून हसत हसत म्हणायची, आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. सात-आठ वर्षांच्या मुलींच्या तोंडी सासूची तक्रार! बालविवाहाच्या काळात तो निव्वळ खेळ नव्हता, हे आपण विसरू नये.

स्वागताला पैसाही लागतो. सावदा १७६३ मध्ये निजामाकडून पेशव्यांकडे आणि पुढे सरदार रास्त्यांकडे गेले; धनी बदलले, सारा राहिला. १८५२ मध्ये इंग्रज सरकारची जमीन-मोजणी सुरू झाली तेव्हा सारा वाढेल या धास्तीने याच गावी दहा-पंधरा हजार माणसे जमली. पलटण आणून पुढाऱ्यांना पकडावे लागले. या प्रसंगाकडे आपण बंड म्हणून पाहतो. परंतु खरिपाचे पीक घरात आल्यावर त्यातले किती घरात राहणार, लेकीला लुगडे होणार की नाही, हाही प्रश्न त्या गर्दीत उभा होता असे आम्हांस वाटते. दहा वर्षांनी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले. १८६५ नंतर ते उतरलेही; पण खानदेशाच्या हाती रोकड येण्याचा तो मोठा काळ होता.

मग शतकाच्या अखेरीस जवसाच्या व करडईच्या तेलाशेजारी घासलेट आले, पुढे पत्रा, सिमेंट, वीज. केळीच्या बागांनी गावाला नवी मिळकत दिली. स्लॅबचे घर गळत नाही, दर वर्षी अंगमेहनत मागत नाही. ते वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. मात्र सिमेंटच्या भिंतीत कोनाडा ठेवीत नाहीत. त्यामुळे गुलाबाई आता पाटावर बसते, कोठे टेबलावर. खाऊचा डबा तेवढा पूर्वीसारखाच कानाशी धरून हलवितात : खडखड वाजले तर शेंगदाणे, काहीच वाजले नाही तर शिरा.