मोह, शेवळ आणि १८९२ चा कायदा

एप्रिलमध्ये पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ मोखाड्याच्या वाटेवर म्हणाला, "अरे, तुमचं जंगल मेलंय की!" साग उघडाबोडका, सावर उघडी, डोंगर तांबूस-करडे. त्याला गाडीतच उत्तर दिलं, पण ते अर्धवटच राहिलं. म्हणून आज हे लिहितोय.

जव्हार-मोखाड्यात पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि मार्चपासून पाड्यांवर टँकर फिरतात. पाऊस चार महिन्यांत उरकतो, जमीन उताराची, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. पाणी सरळ वैतरणेत जातं, तिथून धरणांमार्गे मुंबईला. (मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे, यावर काही बोलत नाही.) म्हणजे इथल्या झाडाला दरवर्षी दुष्काळ ठरलेलाच!

पान म्हणजे पाणी उडण्याची खिडकी. साग ती बंद करत बसत नाही, काढूनच टाकतो. त्याआधी पानातलं कामाचं बरंचसं नत्र वगैरे फांदीत ओढून घेतो, मग देठाशी एक थर तयार होतो आणि पान गळतं. पानं गेल्यावर खोल मुळांनी ओढलेलं थोडंसं पाणीही खोडात साठायला लागतं. त्या शिलकीवर पळस-पांगारे भर उन्हात फुलतात. मोहाला तर फुलं येतात आणि पाठोपाठ तांबूस पालवीही, पाऊस दोन महिने लांब असताना.

हा मोहच खरा विषय. त्याची मांसल, गोड फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटप गळतात, नेमकी घरातली नागली-वरई संपत आलेली असताना. झाडाखालचा पाचोळा साफ करायचा, फुलं वेचायची, वाळवायची. ती भाजून, शिजवून खातात, पुढे मोहट्यांचं तेल निघतं. दारूही होते, नाही कशाला म्हणू?

इंग्रज सरकारला तेवढं शेवटचंच दिसलं. १८७८ च्या अबकारी कायद्यानं दारूचा मक्ता सरकारच्या हातात घेतला होता. घरोघरी मोह असला तर ठेक्याची दारू कोण घेणार? म्हणून १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा आला आणि ठाणे-कुलाब्यात फुलं बाळगण्यावर बंधनं पडली. मोखाडा इंग्रजांकडे, जव्हार मुकणे राजांचं संस्थान. झाडं दोन्हीकडे तीच, उन्हाळा तोच. जंगलखात्यानं राबासाठी फांद्या तोडण्यावर आधीच जाच सुरू केला होता. त्यावरच्या तक्रारी ऐकायला १८८५ मध्ये आयोगही बसला. माझ्या मते मोहाचा कायदा त्याहून क्रूर होता. झाडानं कोरड्या महिन्यांसाठी जे जमवलं, त्यावर माणसं ते महिने काढत होती, आणि महसुलासाठी मधला तो दुवाच तोडला गेला. महाराष्ट्रात मोहफुलांच्या वाहतुकीवरची, साठवणुकीवरची बंधनं सैल व्हायला २०२१ उजाडलं!

सगळीच झाडं मोहासारखी उघड्यावर राहत नाहीत. काही जमिनीखाली दडून बसतात. शेवळ बघा. आठ महिने कंद मातीत निपचित. वर काडीसुद्धा नाही. पहिला शिडकावा झाला की आधी फुलोऱ्याचा कोंब वर येतो, पान नंतर. साठवलेल्या पिठावर सगळा खेळ. करंदे, कडुकंद, मुसळी याच जातकुळीतले. नागली वेगळ्या वाटेची. तिची अन्न बनवायची रीतच अशी की थोड्या पाण्यात जास्त काम होतं, म्हणून ती वरकस जमिनीतही तग धरते.

शेवळाच्या कोंबात मात्र सुईसारखे स्फटिक असतात, घशाला सणकून खाज सुटते. म्हणून भाजीत काकडाची आंबट फळं घालतात, आणि ती त्याच सुमारास धरलेली असतात. तेव्हा मंडळी, जूनच्या सुरुवातीला जव्हारच्या बाजारात आलात आणि शेवळाची जुडी घेतलीत, तर काकडं मागून घ्या. नाहीतर चिंच तरी भरपूर घाला.