धूर गेला कुठे?

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. ‘आगगाडी’ हे नाव अगदी सार्थ होते. प्रत्येक इंजिनात एक भट्टी आणि भट्टीत दगडी कोळसा! ठाणे आणि दिवा यांच्यामधला पारसिकचा बोगदा 1916 मध्ये खुला झाला. एक किलोमीटरहून लांब अशा त्या बोगद्यात तर धुराला लवकर वाटही मिळत नसे.

काळा धूर होतो कशामुळे? कोळसा तापला की आधी त्यातून ज्वलनशील वायू निघतात. त्यांना पुरेशी हवा आणि उष्णता मिळाली नाही, तर ते अर्धवट जळतात व काजळी तयार होते. मेणबत्तीच्या ज्योतीत थंड चमचा धरून हे वर्गात दाखवता येईल. म्हणजे काळा धूर हे वाया गेलेले इंधनच. कोळसा थोडा थोडा आणि पसरून टाकला, तर धूर कमी होतो. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध 1912 मध्ये कायदाही झाला. पण धावत्या भट्ट्यांवर लक्ष ठेवणे सोपे नव्हते.

3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली. 1930 पर्यंत कल्याणच्या पुढे पुणे आणि इगतपुरीपर्यंत विजेच्या तारा गेल्या. वाढती वाहतूक आणि घाटाची चढण ही यामागची मोठी कारणे. धूर कमी होणे हा जोडलाभ. या विजेसाठी जी.आय.पी. रेल्वेने ठाकुर्लीला चोळा वीजगृह उभारले. तिथले इंधन मात्र कोळसाच! इंजिनांचा धूर आता ठाकुर्लीच्या धुराड्यांतून निघू लागला.

मग साधले काय? वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी शेकडा दहा भागही क्वचितच कामी लावते. वीजगृह त्याहून बरेच अधिक. त्यामुळे तेवढ्याच कामाला कोळसा कमी लागतो. शिवाय एका जागी असलेल्या भट्टीची हवा नीट राखता येते. राख पकडणारी स्थिरविद्युत यंत्रे धावत्या इंजिनावर बसवणे कठीण, वीजगृहात शक्य. सल्फर डायऑक्साइड मात्र वायू असल्याने या यंत्रांतून निसटतो. त्यासाठी चुन्याच्या निवळीसारखी वेगळी योजना लागते. नुसते धुराडे उंच केले, तर प्रदूषण विरळ होते, नाहीसे होत नाही. कार्बन डायऑक्साइड तर पूर्ण ज्वलनातही तयार होतोच.

चोळा वीजगृह पुढे बंद पडले. लोकलच्या डब्यात आज धूर नाही. पण देशातली बहुतांश वीज अजून कोळशावरच तयार होते. म्हणून कारखान्याचा बॉयलर असो वा वीजगृह, विद्यार्थ्यांना दोन प्रश्न जरूर विचारायला लावा : धूर कमी झाला, की फक्त जागा बदलून गेला? आणि आता तो कोणाच्या श्वासात जातो?