अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद

बँकेत दिवसअखेरीला एक लाख खात्यांवर व्याज लावायचं काम सुरू आहे. चाळीस हजार खाती झाली आणि यंत्र बंद पडलं. काम पुन्हा पहिल्यापासून चालवावं तर चाळीस हजार जणांना दोनदा व्याज मिळणार. आहे तसं सोडावं तर साठ हजार जणांच्या वाट्याला काहीच येणार नाही. बॅच प्रक्रियेच्या सत्तर वर्षांत हा प्रश्न एकदाही जुना झालेला नाही. आज अशा प्रणालींच्या डेटाबेसमध्ये चार-सहा टेबलं असतात आणि कोणता जॉब कधी सुरू झाला, कधी संपला, किती नोंदी वाचल्या, किती लिहिल्या, शेवट कसा झाला, हे सगळं त्यांत उतरतं. ही टेबलं देखरेखीसाठी आहेत, असा सर्रास समज आहे. पडद्यावर हिरवा-लाल रंग दाखवायचा, साहेबांना अहवाल द्यायचा, एवढंच त्यांचं काम मानलं जातं. इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. या नोंदी जन्मल्या त्या अर्धवट कामाला पुन्हा हात कुठून घालायचा, हे कळावं म्हणून. आणि त्या डेटाबेसमध्येच, खुद्द कामाच्या शेजारी, का येऊन बसल्या याचं उत्तर चुंबकीय टेपच्या काळात सापडतं.

टेपवरच्या हिशेबाची रीत साधी होती. खात्यांची मुख्य टेप खाते क्रमांकाने लावलेली असायची, दिवसाच्या व्यवहारांची टेपही त्याच क्रमाने लावून घ्यायची. यंत्र दोन्ही टेपा पुढे पुढे वाचत जाई आणि तिसऱ्या कोऱ्या टेपवर नवी मुख्य टेप लिहीत जाई. जुनी टेप जशीच्या तशी राही. आजची मुलगा, कालची बाप, परवाची आजोबा अशा तीन पिढ्या कपाटात ठेवायची पद्धत होती. रिळाच्या मागच्या खाचेत प्लास्टिकची एक कडी बसवल्याशिवाय त्या टेपवर लिहिताच येत नसे. बापाच्या टेपची कडी काढून ठेवली की ती चुकून पुसली जायची धास्ती संपली. आयबीएमच्या प्रमाणित पद्धतीत टेपच्या शेवटी एक छोटी नोंद असे आणि तिच्यात टेपवर किती ब्लॉक लिहिले त्याचा आकडा असे. पुढच्या वेळी टेप वाचताना मोजलेले ब्लॉक त्या आकड्याशी जुळले नाहीत तर काहीतरी हुकलं हे तिथल्या तिथे कळे. या व्यवस्थेकडे जरा थांबून पाहायला हवं. काम पूर्ण झाल्याचा पुरावा वेगळ्या वहीत नव्हता, तो मालाच्याच शेपटीला बांधलेला होता. शेपूट नाही म्हणजे काम अर्धवट. ती टेप बाजूला टाकायची आणि बापाच्या टेपवरून पुन्हा सुरुवात करायची. वेळ वाया जाई, पण कुणालाही दोनदा व्याज मिळत नसे.

त्याच काळात दुसरी एक नोंदवही वाढत होती आणि पुढच्या गोंधळात तिचाही वाटा होता. १९५६मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांनी आयबीएम ७०४ यंत्रासाठी एक प्रणाली तयार केली. एक जॉब संपला की पुढचा आपोआप सुरू व्हावा, मध्ये माणसाने बटणं दाबत बसू नये, हा तिचा हेतू. यंत्राचा तास महाग होता, तो रिकामा जाऊ द्यायचा नव्हता. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४मध्ये सीडीसी ३६०० बसला, तेव्हा त्याच्याकडे देशभरच्या संशोधकांचं राष्ट्रीय संगणन केंद्र म्हणून पाहिलं गेलं. कार्डांचा गठ्ठा द्यायचा, रांगेत आपली पाळी आली की तो चालायचा आणि छापील कागद परत मिळायचा. अशा ठिकाणी पहिला हिशेब ठेवावा लागतो तो यंत्राच्या वेळेचा: कुणाचा जॉब किती चालला आणि त्याचे पैसे कुणाच्या नावावर टाकायचे. आयबीएमने १९६४मध्ये सिस्टिम/३६० जाहीर केली आणि तिच्या ओएस/३६० या प्रणालीला पुढे एसएमएफ नावाची सोय जोडली. तिने हाच हिशेब यंत्राच्या आत आणला. एका पायरीचा शेवट झाला की चौथ्या प्रकारची नोंद, पूर्ण जॉबचा शेवट झाला की पाचव्या प्रकारची. प्रत्येक पायरी जाताना एक आकडा ठेवून जाई. शून्य म्हणजे ठीक, चार म्हणजे इशारा, आठ आणि त्याहून वर म्हणजे बिघाड, असा संकेत रूढ झाला आणि पुढची पायरी चालवायची की नाही ते त्यावरून ठरे. शिस्त म्हणून हे उत्तम होतं. पण ही नोंद यंत्राची होती, कामाची नव्हती. जॉब बारा मिनिटं चालून कोसळला हे ती सांगे. शेवटचं व्याज कोणत्या खात्याला लागलं हे तिला ठाऊक नसे. जॉबचं नावसुद्धा फार तर आठ अक्षरी. त्या नावाचा जॉब आज चालला म्हणजे आजच्या तारखेचं काम झालं की कालचं राहिलेलं झालं, हे नावावरून कळायला मार्ग नव्हता.

टेप होती तोवर हे चालून गेलं, कारण खरी नोंद टेपच्या शेपटीला होतीच. मोडलं ते डिस्कमुळे. आयबीएमची रॅमॅक १९५६मध्ये आली: पन्नास तबकड्या, पन्नास लाख अक्षरांची साठवण. तिचं मोठेपण यात होतं की हव्या त्या खात्याला थेट हात घालून त्याची शिल्लक जागच्या जागी बदलता येई. पण जागच्या जागी बदल म्हणजे जुनं मूल्य गेलं. बापाची टेप उरतच नाही, मुलगा बापाच्याच अंगावर लिहिला जातो. चाळीस हजाराव्या खात्यावर जॉब कोसळला तर डिस्कवर उरतं ते अर्धं नवं, अर्धं जुनं, आणि सीमा कुठे ते सांगणारं कुणी नाही. ओएस/३६०मध्ये चेकपॉइंटची सोय होती. जॉबच्या स्मृतीची प्रत मधूनमधून बाजूला काढून ठेवायची आणि गरज पडली तर तिथून पुढे जायचं. पण स्मृती मागे नेता आली तरी डिस्कवर जागच्या जागी झालेले बदल मागे जात नाहीत. प्रोग्रामला वाटे आपण तीस हजारावर आहोत, डिस्क मात्र चाळीस हजारावर पोचलेली असे. कामाची नोंद आणि काम यांची ताटातूट झाली ती इथे.

हे दोन धागे पुन्हा जुळायला जी कल्पना लागली ती ट्रान्झॅक्शनची. १९६८मध्ये वापरात आलेल्या आयबीएमच्या आयएमएस डेटाबेसपासून तिची घडण सुरू होते. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी सत्तरच्या दशकाअखेर आणि ऐंशीच्या सुरुवातीला लिहिलेल्या निबंधांत तिला स्पष्ट रूप मिळालं: काही बदलांचा एक गठ्ठा, जो पूर्ण होईल किंवा झालाच नाही असा राहील, मधली अवस्था नाही. एकदा ही हमी मिळाली की पुढचं पाऊल फार मोठं नाही. व्याज लावायचे बदल ज्या गठ्ठ्यात आहेत त्याच गठ्ठ्यात ‘इथपर्यंत पोचलो’ ही ओळही घालायची. मग काम आणि नोंद यांत फरक पडूच शकत नाही. दोन्ही टिकतात किंवा दोन्ही जातात. टेपच्या शेपटीने जे फुकट दिलं होतं आणि डिस्कने जे हिरावून घेतलं, ते अशा रीतीने परत मिळालं. जॉबच्या नोंदी डेटाबेसमध्ये ठेवण्याचं खरं कारण हे आहे. अहवाल काढायला सोपं जातं हा त्याचा अनुषंगिक फायदा.

कल्पना हाताशी असूनही ती सगळीकडे पोचायला बराच काळ गेला. युनिक्सच्या जगात १९७९च्या सातव्या आवृत्तीतल्या क्रॉनने ठरल्या वेळी काम सुरू करायचं एवढंच स्वीकारलं. काल काय झालं ते तो लक्षात ठेवत नाही. प्रत्येक संस्थेने मग आपापली लॉगची फाइल आणि आपापलं ‘स्टेटस’ टेबल बनवलं. सर्वसाधारण वापराचा आराखडा म्हणून लक्षात घ्यावा असा टप्पा २००८मध्ये आला. स्प्रिंग या सॉफ्टवेअर आराखड्याच्या निर्मात्यांनी अ‍ॅक्सेंचर या सल्लागार कंपनीबरोबर तयार केलेल्या स्प्रिंग बॅचची पहिली आवृत्ती त्या वर्षी निघाली. तिची टेबलं नीट वाचावीत अशी आहेत. एका टेबलात ‘इन्स्टन्स’ असतं, दुसऱ्यात ‘एक्झिक्युशन’. पहिलं म्हणजे काम, दुसरं म्हणजे प्रयत्न. ‘३१ मार्चचं व्याज’ हे एकच काम. ते तीन प्रयत्नांत झालं तर पहिल्या टेबलात एक ओळ आणि दुसऱ्यात तीन. कामाची ओळख जॉबच्या नावाबरोबर त्याला दिलेल्या तारखेसारख्या निकषांवरून ठरते. आठ अक्षरी नावाला जे सांगता आलं नव्हतं ते इथे सांगितलं गेलं. एकदा पूर्ण झालेलं काम त्याच निकषांनी पुन्हा चालवायला गेलात तर प्रणाली नकार देते.

त्याखाली प्रत्येक पायरीची एक ओळ असते. किती वाचलं, किती लिहिलं, किती गाळलं, किती वेळा कमिट झालं, किती वेळा रोलबॅक. समजा हजार-हजार खात्यांचा तुकडा ठरवला आहे. एक्केचाळिसावा तुकडा चालू असताना सहाशेव्या खात्यात बिघाड निघाला. त्या तुकड्यातली सहाशे व्याजं मागे घेतली जातात आणि त्यांच्याबरोबर व्हायची होती ती ‘एक्केचाळीस हजार’ ही नोंदही होत नाही. ओळ चाळीस हजारांवरच थांबते. आता बारकावा असा की बिघाड झाल्याची नोंद मात्र त्या मागे घेतलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवून चालत नाही, नाहीतर तीही कामाबरोबर पुसली जाईल आणि काही घडलंच नाही असं दिसेल. म्हणून यशाची नोंद कामाच्या आत होते आणि अपयशाची नोंद कामाबाहेर, वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये. जॉब सुरू झाल्याची नोंदही वेगळीच आणि कडक अलगतेने केली जाते, म्हणजे एकच काम दोन यंत्रांनी एकाच क्षणी उचललं तरी एकालाच ते मिळावं. घरी लिहिलेल्या ‘स्टेटस’ टेबलांत नेमका हा भेद सुटलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की एवढा खटाटोप कशाला. कितीही वेळा चालवलं तरी परिणाम तोच राहील असंच काम लिहावं. आक्षेपात बळ आहे. २०१४मध्ये एअरबीएनबीत सुरू झालेल्या आणि पुढे अपाची संस्थेकडे गेलेल्या एअरफ्लो या जॉब चालवणाऱ्या प्रणालीच्या वापरकर्त्यांमध्ये हाच दंडक मानला जातो. एका तारखेचा सगळा निकाल पुसून नव्याने लिहायचा. मूळ कच्चा माल बदलायचा नाही. पण ही टेपचीच रीत आहे, बापाला हात न लावता मुलगा नव्याने लिहायची. जिथे सगळा निकाल पुसता येतो तिथे ती उत्तम. ग्राहकाला गेलेला संदेश किंवा दुसऱ्या बँकेत पोचलेली रक्कम पुसता येत नाही. आणि एअरफ्लोलाही कोणत्या तारखांचं काम झालं हे माहीत असावंच लागतं, त्यासाठी तोही प्रत्येक धावेची आणि प्रत्येक पायरीची ओळ डेटाबेसमध्येच ठेवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सगळी मदार नोंदीवर ठेवली आणि नोंदच बिघडली तर? जून २०१२मध्ये ब्रिटनमध्ये आरबीएस, नॅटवेस्ट आणि अल्स्टर बँक यांच्या ग्राहकांनी ते भोगलं. बॅचचे जॉब क्रमाने लावणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली, त्रास दिसताच ती काढून टाकली. नवी आणि जुनी आवृत्ती एकमेकींशी जुळत नाहीत हे त्याआधी तपासलेलं नव्हतं. ब्रिटनमध्ये पासष्ट लाखांहून अधिक ग्राहकांना याची झळ लागली, कित्येकांना आपली शिल्लक दिसेना, पगार आणि हप्ते अडकले, आणि २०१४मध्ये नियामकांनी एकूण ५.६ कोटी पौंडांचा दंड केला. पण या उदाहरणातून नोंद नको असा निष्कर्ष निघत नाही. तिथे काय चालवायचं आणि काय झालं हे सांगणारी यंत्रणा खात्यांच्या डेटाबेसपासून वेगळी उभी होती. ती ढासळली तेव्हा कोणतं काम झालं आणि कोणतं राहिलं, हे दुसरीकडून जुळवत बसावं लागलं. नोंद कामाच्या जितकी जवळ, तितकी ती कामाशी विसंगत होण्याची शक्यता कमी. हे प्रकरण त्या बाजूनेच साक्ष देतं.

बॅचचे दिवस सरले, आता सगळं क्षणोक्षणी वाहतं, असंही म्हटलं जातं. भारतात रोज वापरला जाणारा एनईएफटी पाहावा: १६ डिसेंबर २०१९पासून तो चोवीस तास चालतो, पण चालतो अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४८ बॅचमध्येच. आणि जे खरोखर प्रवाही आहे, उदाहरणार्थ काफ्का ही संदेश वाहून नेणारी प्रणाली, तिथेही वाचणारा कुठपर्यंत पोचला याचा आकडा जपून ठेवावाच लागतो. तुकडा हजारांचा असो की एकाचा, शेपटीचा आकडा सुटत नाही.

एक जागा मात्र अजून उघडी आहे. प्रोग्राम बिघडला तर तो स्वतःच्या ओळीत ‘फेल्ड’ लिहून जातो. वीज गेली किंवा प्रक्रियाच मारली गेली तर लिहायला कुणी उरत नाही. ओळीत ‘स्टार्टेड’ तसंच राहतं, संपल्याची वेळ रिकामी. सकाळी जॉब पुन्हा चालवायला जावं तर प्रणाली सांगते, हा आधीच चालू आहे. तो खरंच दुसऱ्या यंत्रावर चालू आहे की रात्रीच मेला, हे ओळीवरून ठरवता येत नाही. मग कुणीतरी यंत्रांवर जाऊन खात्री करतं, संपल्याची वेळ भरतं, ‘स्टार्टेड’च्या जागी ‘फेल्ड’ लिहितं आणि चाळीस हजार एकाव्या खात्यापासून काम पुढे चालू होतं.