चुकीला जागा

६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताचा संघ फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेत प्रथमच उतरला. स्पर्धा सतरा वर्षांखालील मुलांची. तिसाव्या मिनिटाला बचावपटू जितेंद्र सिंगने प्रतिस्पर्ध्याला पाडले, पेनल्टी मिळाली आणि अमेरिकेने पहिला गोल केला. दुसऱ्या गोलाच्या वेळी चेंडू बचावपटू अन्वर अलीच्या अंगाला लागून वळला. सामना ०-३ असा गेला. पुढच्या फळीतल्या मुलाने दवडलेली संधी घरी पोहोचेपर्यंत विसरली जाते (त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता; तो आघाडीचा खेळाडू). बचावपटूची चूक मात्र फलकावर लागते.

नवख्याची चूक प्रेक्षक का सोसतो, हा प्रश्न मालवणच्या किनाऱ्यावर विचारायचा तर फुटबॉलच्या मैदानापेक्षा दशावताराच्या मांडावर विचारावा. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळ्या रात्रीमागून रात्री देवळापुढे उभ्या राहतात. लिखित संहिता नाही, विंगेत सांगणारा नाही. आख्यान ठरते, कोणी कोणते पात्र घ्यायचे ते ठरते; संवाद ज्याचे त्याने उभ्या उभ्या रचायचे. अशा नाटकात अडखळणे हा अपघात नव्हे, ती रोजची शक्यता आहे. म्हणूनच तिची सोय प्रयोगाच्या बांधणीतच केलेली दिसते. पूर्वरंगात गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जातात. थोडे बोलायचे, थोडे नाचायचे, एवढ्यावर नवख्या पोराची भीड चेपते. पुढे आख्यानात त्याचे वाक्य तुटले तर समोरचा मुरलेला नट त्याच्याच तोंडी उत्तर येईल असा प्रश्न टाकतो, नाहीतर पायपेटीवरचा नाईक पद उचलतो आणि पखवाज त्याला मिळतो. संकासुराला तर ती चूक आयतीच सापडते. तो मालवणीत तिची टर उडवतो, लोक हसतात, आणि चूक नाटकाचा भाग होऊन जाते. गोलाची अशी टर उडवून तो पुसता येत नाही.

ही निव्वळ दयाबुद्धी म्हणता येणार नाही. मांडापुढे बसलेला माणूस त्या पोराला पुढच्या जत्रेत, शेजारच्या गावात पुन्हा पाहणार असतो. ‘शिकतलो हळूहळू’ या शब्दांत माया आहे, तशी वसुलीही आहे. आणि ही सवलत सर्वांना सारखी नाही. राजाची भूमिका अंगावर घेतलेल्याला ती मिळत नाही. नटाच्या मुलाला तर पहिल्या प्रवेशापासून बापाशी ताडून पाहतात. बाबी कलिंगण, त्यांचे पुत्र सुधीर कलिंगण (निधन २०२२) आणि पुढे सिद्धेश कलिंगण, अशा तीन पिढ्या पाहिलेल्या प्रेक्षकाकडे मोजमापाची काठी आधीच तयार असते. हा प्रेक्षक भाबडा आहे, हा शहरी अभ्यासकांचा आवडता समज मला कधी पटलेला नाही.

दिल्लीत हरलेल्या मुलांसाठी भारतीय फुटबॉल महासंघाने वेगळी वाट काढली. २०१७ साली ‘इंडियन ॲरोज’ हा संघ पुन्हा उभा करून तो आय-लीगमध्ये उतरवला. जितेंद्र आणि अन्वर दोघेही त्यात खेळले. पहिल्याच हंगामात हा संघ तळाला राहिला. पण पदावनतीच्या नियमातून त्याला वगळलेले असल्याने तो लीगमध्ये टिकला. मुलांना चुका करण्याची अशी लेखी मुभा क्वचितच मिळते. मात्र या संघाला स्वतःचे गाव नव्हते, घरचे मैदानही बदलत राहिले. तो हरला तर रुसणारे आणि पुढच्या रविवारी पुन्हा येणारे लोक त्याला मिळणार कोठून?

अन्वरने २०१८ साली स्पेनमध्ये अर्जेंटिनाच्या वीस वर्षांखालील संघावर फ्री किकने गोल केला. २०१९ मध्ये हृदयविकाराचे निदान झाले, खेळ थांबला. मार्च २०२२ मध्ये तो भारताच्या मुख्य संघातून मैदानात आला. त्याच वर्षी ॲरोज संघ बंद करण्यात आला.