तार गेली, नियमही गेला

17 जून 2025 पासून भारतातल्या प्राइम व्हिडिओवर चित्रपट आणि मालिकांच्या मध्ये जाहिराती येऊ लागल्या. वर्षाचे 1,499 रुपये आधीच भरून मोकळे झालेल्यांनाही त्या चुकल्या नाहीत. जाहिराती नको असतील तर महिन्याला 129 किंवा वर्षाला 699 रुपये वेगळे भरा, असे त्यांना सांगण्यात आले. त्याआधी दोन वर्षे, 31 मार्च 2023 ला, एचबीओच्या मालिका डिस्ने प्लस हॉटस्टारवरून उतरल्या होत्या. त्याही वेळी वार्षिक वर्गणी भरलेल्यांची मुदत तेवढीच राहिली आणि पैसेही तेवढेच गेले. त्या पैशांत जे मिळायचे, ते मात्र कमी झाले. ही इंटरनेटच्या जमान्यातली अपरिहार्य गोष्ट आहे, असे आपण मानू लागलो आहोत. मला ते मान्य नाही. घरबसल्या करमणुकीसाठी दरमहा पैसे मोजणाऱ्याला न विचारता त्याच्या पदरातले काढून घेण्याचा प्रकार ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत तीसेक वर्षांपूर्वीही सर्रास चालत होता. त्याला आळा घालणारे नियम पुढे झाले. आज ते नियम कागदावर आहेत, पण प्रेक्षक त्यांच्या कक्षेबाहेर गेला आहे.

केबलची सुरुवात इथे कुठल्या कंपनीने केली नाही. ऐंशीच्या दशकात एखाद्या खोलीत व्हीसीआर ठेवून, इमारतीच्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर तार टाकून सिनेमे दाखवणारे होतकरू तरुण, हीच या धंद्याची पहिली पिढी. 1991 च्या आखाती युद्धात सीएनएन, त्यामागोमाग स्टार, ऑक्टोबर 1992 मध्ये झी आले आणि गच्चीवर मोठ्या डिश चढल्या. कायदा आला तो 1995 साली, म्हणजे तारा घराघरांत पोचून गेल्यावर. तोवर केबलवाला म्हणेल तो दर आणि दाखवील ते चॅनेल. त्यात जुन्या अॅनालॉग तारेची ताकदच मर्यादित होती. चॅनेल वाढत गेले तसे नवे घ्यायचे तर जुने काढणे किंवा शेपटाकडे ढकलणे भाग पडू लागले, आणि शेपटाकडचे चॅनेल जुन्या टीव्ही संचांना पकडताच येत नसत. पुढे चांगल्या जागेसाठी चॅनेलवालेच केबल कंपन्यांना पैसे मोजू लागले. धंद्यात त्याला कॅरेज फी म्हणतात. काल पंधराव्या क्रमांकावर दिसणारे चॅनेल आज का नाही, याचे उत्तर बऱ्याचदा या व्यवहारात असे. दरमहा पैसे देणाऱ्या घराचा त्या व्यवहाराशी काही संबंध नसे. आजच्या प्रसारण हक्कांच्या सौद्यांतही प्रेक्षकाची जागा तीच आहे.

बदल सुरू झाला 2004 मध्ये. जानेवारीत केबल आणि प्रसारण हे क्षेत्र ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, आले. 1 ऑक्टोबर 2004 च्या आदेशाने 26 डिसेंबर 2003 ला जे दर होते तीच कमाल मर्यादा ठरली. मुंबईत 'कॅस', म्हणजे सेट-टॉप बॉक्स लावून चॅनेल निवडण्याची पद्धत, 2006 च्या अखेरीस आली तीही फक्त दक्षिण भागात, त्यामुळे ठाणे-डोंबिवलीच्या प्रेक्षकाला आधार होता तो या दरबंदीचाच. त्याहून महत्त्वाचा नियम सूचनेचा होता. चॅनेलवाला आणि केबल कंपनी यांच्या भांडणात प्रक्षेपण तोडायचे असेल तर आधी नोटीस द्यायची, आणि ती दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातले एक स्थानिक भाषेतले. भांडण दोन कंपन्यांचे, पण खबर डोंबिवलीच्या प्रेक्षकाला मराठीत मिळाली पाहिजे, हे तत्त्व नियमात आले. त्यानंतर डीटीएचसाठी आणि 2012 साली डिजिटल केबलसाठी आणखी एक पाऊल पुढे पडले: ग्राहकाने घेतलेल्या पॅकेजमध्ये त्याचे नुकसान होईल असा बदल पहिले सहा महिने करायचा नाही. मला या सगळ्यात हाच नियम सर्वांत मोलाचा वाटतो. वर्गणी हा करार आहे आणि मुदतीत तो एकतर्फी बदलता येत नाही, एवढे साधे तत्त्व त्यात मांडले होते.

डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यात देशातल्या 38 शहरांची यादी झाली. तीत महाराष्ट्रातली नऊ होती आणि त्यांत ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली ही आपली तिन्ही. मुदत होती 31 मार्च 2013. शेजारच्या उल्हासनगर-अंबरनाथला तिसऱ्या टप्प्याची वाट पाहावी लागली. या बदलातही प्रेक्षकाचे काही गेलेच. आधी एकाच तारेला फाटा देऊन आतल्या खोलीतला दुसरा टीव्ही चालत असे. आता प्रत्येक संचाला वेगळा सेट-टॉप बॉक्स आणि वेगळे पैसे लागू लागले. लोक चिडले, पण जे जाणार होते त्याची तारीख कायद्याने ठरलेली होती, महिनोन्‌महिने पडद्यावरून सांगितली जात होती, आणि बदल्यात काय मिळणार हेही जाहीर होते. काढून घेणे आणि बदलणे यांतला फरक इथे दिसतो.

हे नियम पाळले कुठे गेले, असा आक्षेप कोणीही घेईल, आणि तो पोकळ नाही. पावत्या न देणारे केबलवाले होते. नव्या दररचनेने 2019 मध्ये बिले कमी होतील असे सांगितले गेले होते. अनेक घरांत ती वाढली. फेब्रुवारी 2023 मध्ये नव्या दरांवरून वाद पेटला तेव्हा स्टार, झी आणि सोनी यांनी करार न केलेल्या केबल कंपन्यांचे प्रक्षेपण काही दिवस बंद ठेवले आणि देशभरातल्या कोट्यवधी घरांत त्यांचे चॅनेल दिसेनासे झाले. पण त्या वादात बोट दाखवायला काहीतरी होते. नियामक होता, आदेश होता, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि आठवड्याभरात तडजोड झाली. मोडलेल्या नियमाविरुद्ध दाद मागता येते. नियमच नसेल तर मोडले काय, हेही सांगता येत नाही.

ठाणे-कल्याणच्या याच पट्ट्यातला दुसरा प्रसंग बाजूला ठेवून चालणार नाही, कारण आगाऊ पैसे भरण्याची इथली सर्वांत जुनी सवय रेल्वेच्या पासाची आहे. 19 ऑगस्ट 2022 पासून मध्य रेल्वेने साध्या लोकलच्या दहा फेऱ्या वातानुकूलित केल्या. दुसऱ्या वर्गाचा पास त्या गाडीत चालत नाही. म्हणजे महिन्याचा किंवा तिमाहीचा पास खिशात असलेल्याची नेहमीची गाडीच वेळापत्रकातून उठली. कळवा आणि बदलापूरचे प्रवासी आंदोलनात उतरले, गाडी अडवली गेली, आणि 25 ऑगस्टपासून त्या फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या. रेल्वेची बाजू अगदीच चूक होती असे नाही. तिकीट दर निम्मे केल्यावर वातानुकूलित गाड्यांना मागणी वाढली होती. पण निर्णय सहा दिवसांत फिरला, कारण नुकसान झालेली माणसे एकाच फलाटावर उभी होती. ओटीटीचा, म्हणजे प्राइम-हॉटस्टारसारख्या इंटरनेटवरच्या मंचांचा, वर्गणीदार एकटा असतो. शेजारच्या घरातही तीच मालिका गायब झाली आहे, हे त्याला ठाऊकही नसते, आणि जाब विचारायला जावे असा केबलवाल्याचा गाळा आता नाक्यावर नाही.

ओटीटीच्या बाजूने दोन युक्तिवाद नेहमी होतात. पहिला, प्रसारणाचे हक्क संपतात त्याला मंच काय करणार? पण केबलवरचे चॅनेलही करार संपल्यामुळेच जात होते, तरी सूचनेचा नियम झाला. शिवाय हक्क कधी संपणार ते कंपनीला आधी ठाऊक असते. आयपीएलचे 2023 पासूनचे डिजिटल हक्क जून 2022 मध्येच हॉटस्टारच्या हातून वायाकॉम 18 कडे गेले. त्या वर्षीच्या दिवाळीत कोणी वार्षिक वर्गणी भरली तर तिच्या मुदतीत पुढचा हंगाम येणार आणि तो दुसरीकडे दिसणार, हे उघड होते. दुसरा युक्तिवाद: नको असेल तर सोडा. महिन्याची वर्गणी असेल तर ठीक. वर्षाची भरलेल्याने सोडायचे म्हणजे भरलेल्या पैशांवर पाणी सोडायचे. प्राइमने जाहिरातींची सूचना महिनाभर आधी दिली होती, हे खरे. पण मुदतीच्या मध्यावर अटी बदलताना उरलेले पैसे परत मागण्याचा मार्ग नसेल, तर त्या सूचनेने ग्राहकाच्या हाती काहीच येत नाही.

कायद्याची स्थिती अशी आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये ओटीटी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत आले, 2021 चे नियमही झाले, पण ते मजकुराचे वर्गीकरण आणि मजकुराबद्दलच्या तक्रारी यांबद्दल बोलतात, वर्गणीबद्दल नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये दूरसंचार लवादाने अंतरिम आदेशात, ओटीटी ट्रायच्या कायद्याखाली येत नाही, असे मत नोंदवले. उरतो तो 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात 'अनुचित करार' ही चांगली तरतूद आहे, मात्र त्याखालची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात करावी लागते. 699 रुपयांसाठी डोंबिवलीचा माणूस एवढी मजल मारणार नाही, हे कंपन्यांनाही कळते.

म्हणून मागणी नवी करायचीच नाही. केबलला जे लागू होते तेच ओटीटीला लावा: भरलेल्या मुदतीत सुविधा कमी करायची नाही, करावीच लागली तर आधी सूचना, तीही मराठीत, आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत. ठाणे-डोंबिवलीतल्या ग्राहक संघटनांनी आणि इथल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे लेखी न्यावी. आणि ज्यांची वार्षिक वर्गणी चालू आहे त्यांनी भरणा करतानाच्या पानाचे छायाचित्र जपून ठेवावे. काय देऊ केले होते त्याचा तेवढाच पुरावा आपल्या हाती असतो.