उरलेली जागा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमची चाळ गिरगावातली. धोबी तलावाच्या बाजूला गोवेकरांचे कूड होते, म्हणजे एकेका गावानं आपल्या मुंबईत येणाऱ्या माणसांसाठी चालवलेली वसतिस्थानं. त्यातल्या एका कुडाच्या दारात साठच्या दशकात मी एक दृश्य अनेकदा पाहिलेलं आहे. एक किडकिडीत गृहस्थ खाकी कापडात गुंडाळलेलं, त्यांच्याहून उंच असं काहीतरी टॅक्सीच्या टपावर चढवताहेत आणि टॅक्सीवाला कुरकुरतोय. आम्ही पोरं त्यांना नुसतं अंकल म्हणायचो. पुष्कळ दिवस मला वाटायचं, की त्या कापडात कपाट असावं.

ते होतं डबल बेस. व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात थोरलं वाद्य. उभं केलं तर पुरुषभर उंच, आणि आवाज इतका खालचा, की सगळ्यात जाड तारेचा स्वर सेकंदाला जेमतेम ४१ कंपनांचा. जुन्या हिंदी गाण्यात ठेक्याच्या पोटात जे ‘धुम् धुम्’ चालतं, ते पुष्कळदा याचंच. अंकल सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला जायचे. गोव्यात चर्चच्या शाळेत ते व्हायोलिन शिकले होते. मुंबईत आल्यावर त्यांनी पाहिलं, की व्हायोलिनवाले रांगेनं उभे आहेत आणि बेसवाले मोजकेच. त्यांनी वाद्य बदललं. हे ते सांगायचे तेव्हा त्यात ना अभिमान असायचा, ना खंत. नोकरी बदलावी तसं त्यांनी वाद्य बदललं होतं.

पुढे निवृत्तीनंतर मला या वाद्याचा नाद लागला. वाजवण्याचा नव्हे, वाचण्याचा. ज्याला कुणी हौसेनं हात लावत नाही ते वाद्य लोक शिकले कुठे आणि कसे, हे शोधायला लागलो. जिकडे तिकडे अंकलचीच गोष्ट निघायला लागली.

१८३५ सालचं मिलान घ्या. क्रेमा गावचा १३-१४ वर्षांचा जोव्हानी बोत्तेसिनी. वडील वादक, पण खिशानं बेताचे. मुलगा व्हायोलिन वाजवतो, चर्चमध्ये गातो. मिलानच्या संगीत महाविद्यालयात त्याला घालायचं, तर फी परवडणार नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की शिष्यवृत्तीच्या दोनच जागा शिल्लक आहेत: एक बसूनची, दुसरी डबल बेसची. आपल्याकडे जून महिन्यात घरोघरी जी चर्चा होते तीच त्या घरात झाली असणार. बसून हे फुंकायचं वाद्य, त्याचा मुलाशी काही संबंध नाही. डबल बेसला निदान तारा आहेत. मग काही आठवडे मुलानं घाईघाईनं तयारी केली आणि परीक्षेला उभा राहिला. सूर चुकले. तेव्हा त्यानं परीक्षकांना सांगितलं म्हणतात, की चुकलो ते मला कळलंय, बोटं कुठे ठेवायची ते एकदा शिकवा, मग चुकणार नाही. जागा मिळाली.

ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी, १८३९ मध्ये, तो तिथून बाहेर पडला, एकल वादनाचं ३०० फ्रँकचं बक्षीस घेऊन. त्यात उसने पैसे घालून त्यानं तेस्तोरे या जुन्या कारागिराचं एक वाद्य विकत घेतलं. ते एका कठपुतळीच्या नाटकघरात अडगळीखाली पडलं होतं, असं सांगतात. तीन तारांच्या त्या वाद्यावर त्यानं व्हायोलिनलाच शोभावी अशी फिरत करून दाखवली, आणि ‘डबल बेसचा पागानिनी’ असं त्याचं नाव पडलं. पुढे तो संचालकही झाला. २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरोत व्हेर्दीच्या ‘आयदा’चा पहिला प्रयोग झाला, त्याचं संचालन बोत्तेसिनीनं केलं. १८८९ मध्ये तो पार्माच्या संगीत महाविद्यालयाचा प्रमुख झाला आणि त्याच वर्षी वारला.

पन्नासेक वर्षांनी तीच गोष्ट मॉस्कोत. सर्गेई कूसेवित्स्की हा गरीब ज्यू घरातला पोरगा, वय १४. तिथल्या संगीत शाळेत शिष्यवृत्ती हवी, तर ती उरली होती ती ट्रॉम्बोन, हॉर्न आणि डबल बेस अशा नावडत्या वाद्यांवर. त्यानं डबल बेस घेतलं. शिक्षक रामबाउसेक नावाचे एक चेक गृहस्थ. हाच मुलगा बोल्शोई नाट्यगृहाचा प्रमुख बेसवादक झाला, आणि १९२४ ते १९४९ अशी पंचवीस वर्षं अमेरिकेत बॉस्टन सिंफनीचा संचालक होता.

शिक्षक चेक होते हा योगायोग नव्हे. डबल बेसचं माहेर म्हणायचं तर प्राग. १८११ मध्ये तिथल्या काँझर्व्हेटरीत शिकवणी सुरू झाली, आणि तिथे व्हेन्झेल हाउझे या गृहस्थांनी या वाद्याची पद्धतशीर तालीम बसवली. हाउझेंचे शिष्य ह्राबे, ह्राबेंचे शिष्य फ्रान्त्स झिमांडल. आपल्याकडे घराण्यांची पिढी मोजतात, अगदी तशी. झिमांडल प्रागहून व्हिएन्नाला गेले, तिथल्या दरबारी ऑपेरात वाजवू लागले आणि १८६९ पासून चाळीस वर्षं व्हिएन्नाच्या काँझर्व्हेटरीत शिकवत राहिले. त्यांनी लिहिलेलं शिक्षणाचं पुस्तक आजही जगभर विद्यार्थ्यांच्या हाती दिलं जातं, आणि आजही विद्यार्थी त्याच्या नावानं बोटं मोडतात.

त्या पुस्तकात आहे काय, ते थोडं सांगतो. व्हायोलिनची तार टाचभर. हात एका जागी ठेवून चार बोटांत सा-रे-ग-म सहज निघतो. डबल बेसची तार मीटरहून थोडी जास्त, साधारण १०५ सेंटिमीटर. इथे पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत पंजा ताणला, तरी मधलं अंतर फक्त एका पूर्ण स्वराचं. म्हणजे ‘सा’ आणि ‘रे’ एका हातात, ‘ग’ हवा तर अख्खा हात उचलून खाली. आणि तिसरं बोट? झिमांडलच्या पद्धतीत वाद्याच्या खालच्या भागात ते एकटं वाजवतच नाही. ते करंगळीला आधार द्यायला. त्यामुळे सगळी विद्या हात नेमका किती सरकवायचा याची. पट्टीवर खुणा नाहीत, पडदे नाहीत. अर्ध्या इंचाची चूक म्हणजे सूर गेला. म्हणून झिमांडलनं पट्टीचे तुकडे पाडले, एकेका तुकड्यात विद्यार्थ्याला महिनोन् महिने ठेवलं, आणि तिथला कोपरान् कोपरा पाठ झाल्याशिवाय पुढे सोडलं नाही. कंटाळवाणं आहे खरं. पण आपल्याकडे एका पलट्यावर वर्ष काढलेल्यांना ते समजेल.

गजाचीही दोन घराणी. जर्मन-ऑस्ट्रियन मंडळी गज खालून धरतात, करवत धरावी तसा. फ्रेंच आणि इटालियन वरून धरतात, चेलोवाल्यासारखा. महाविद्यालय निवडताना विद्यार्थ्याला हे पाहावं लागतं, कारण एका गजाचा मास्तर दुसऱ्या गजाच्या शिष्याला घेईलच असं नाही.

एक गंमत मात्र मला फार भावली. प्रवेशाला आणि नोकरीच्या परीक्षेला आज डिटर्सडॉर्फ किंवा व्हानहाल यांचा कॉन्चेर्टो हटकून वाजवायला लावतात. ही अठराव्या शतकातल्या व्हिएन्नाची रचना. त्या काळी तिथे बेसच्या तारा वेगळ्याच जुळवत, आजच्यासारख्या मध्यमाच्या अंतरानं नव्हे. त्या जुळणीत त्या रचनेतले पुष्कळ स्वर मोकळ्या तारांवर आपसूक हाताखाली यायचे. हायडन, मोझार्टनंही याच वाद्यासाठी लिहिलं. नंतर ती जुळणी गेली. संगीत राहिलं. त्यामुळे तेव्हा जे वादकाला सोपं पडावं म्हणून लिहिलं गेलं, तेच आजच्या पोरांची परीक्षा घेतं.

याच व्हिएन्नात १९५४ मध्ये मुंबईचा एक अठरा वर्षांचा पारशी मुलगा येऊन दाखल झाला. झुबिन मेहता. सेंट झेवियर्समध्ये वैद्यकाची पूर्वतयारी करत होता, ती सोडून आला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढणारे. अकादमीत हान्स स्वारोव्स्कींकडे तो संचालन शिकू लागला, आणि वाद्य म्हणून घेतलं डबल बेस. व्हायोलिनवाल्या घरातला मुलगा बेसकडे वळला याचं नवल वाटेल. मी व्हिएन्नाच्या म्यूझिकफेरायनमध्ये उभ्याचं स्वस्त तिकीट काढून एकदा मैफल ऐकली. तिथे बेसवाले बाजूला कोपऱ्यात नसतात, थेट मागे, भिंतीलगत एका ओळीत उभे असतात. त्यांच्यासमोर सगळा वाद्यवृंद पाठमोरा आणि संचालक मात्र समोरासमोर. संचालन शिकणाऱ्यानं उभं राहावं अशी याहून चांगली जागा मला तरी दिसली नाही. हा माझा तर्क, मेहतांचं म्हणणं नव्हे.

आता अमेरिका. इथे गोष्टीला वेगळी धार येते, कारण शिकायची जागा मिळाली तरी बसायची जागा मिळेलच असं नव्हतं.

रॉन कार्टर, जन्म १९३७, मिशिगन राज्यातला कृष्णवर्णीय मुलगा. दहाव्या वर्षापासून चेलो शिकला. डेट्रॉइटच्या शाळेत त्याच्या लक्षात आलं, की बाहेरच्या कार्यक्रमांना बोलावणी येतात ती गोऱ्या चेलोवाल्यांना. शाळेतला बेसवादक उत्तीर्ण होऊन गेला, जागा रिकामी झाली, आणि १९५४ मध्ये कार्टरनं चेलो ठेवून बेस उचललं. रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये शिष्यवृत्ती मिळवली, १९५९ मध्ये पदवी घेतली. तिथे पाहुणे संचालक म्हणून स्टोकोव्स्की आले होते. त्यांनी या विद्यार्थ्याला बोलावून सांगितलं, की तुला ह्यूस्टनच्या वाद्यवृंदात घ्यायला मला आवडेल, पण तिथली मंडळी कृष्णवर्णीय वादकाला तयार नाहीत. कार्टर यांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. ते न्यूयॉर्कला गेले, मॅनहॅटन स्कूल ऑफ म्यूझिकची पदव्युत्तर पदवी १९६१ मध्ये घेतली आणि जॅझमध्ये शिरले. २०१५ मध्ये गिनेसनं नोंद केली ती अशी, की २,२२१ ध्वनिमुद्रणांत त्यांचं बेस आहे. जॅझमध्ये इतकी कुठल्याच बेसवादकाची नाहीत.

आर्थर डेव्हिसची गोष्ट कमी सांगितली जाते. हाही कृष्णवर्णीय, ज्युलिअर्ड आणि मॅनहॅटन या दोन्ही ठिकाणी शिकलेला. जॉन कोल्ट्रेनसारखा जॅझमधला मोठा माणूस त्याच्यावर खूश. त्यानं आणि चेलोवादक अर्ल मॅडिसन यानं १९६९ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध शहराच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली, की आम्हाला रंगामुळे डावललं जातं. मधे पडदा लावा आणि मग ऐका, असं त्यांचं मागणं होतं. १९७० मध्ये निकाल लागला तो अर्धामुर्धा: बदली वादक बोलावताना भेदभाव झाला हे आयोगानं मान्य केलं, कायम जागांबाबतचा आरोप मान्य केला नाही. निकालानंतर डेव्हिसला कामं मिळेनाशी झाली. हा माणूस पुन्हा विद्यापीठात गेला, मानसशास्त्र शिकला, डॉक्टरेट मिळवली आणि रुग्ण पाहू लागला. बेस सुटलं नाही, पण पोट त्यावर राहिलं नाही. तो २००७ मध्ये गेला. पडद्याआडून परीक्षा घेणं ही आता अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांची रीतच झाली आहे.

त्याच फिलहार्मोनिकमध्ये १९६६ साली ऑरिन ओब्रायन ही तिशीतली बाई बेसवादक म्हणून आली. ज्युलिअर्डमध्ये फ्रेडरिक झिमरमन यांच्याकडे तयार झालेली, दहा वर्षं बॅलेच्या वाद्यवृंदात वाजवून आलेली. १९२२ पासून दहा वर्षं तिथे स्टेफनी गोल्डनर या हार्प वाजवत, त्यानंतर एकही बाई कायम जागेवर नव्हती. बायकांना कपडे बदलायला खोली नाही. साप्ताहिकानं तिच्या वादनापेक्षा बांध्याविषयी लिहिलं. (व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं तर पहिल्या स्त्रीला सभासदत्व दिलं ते १९९७ मध्ये!) आईवडील दोघंही सिनेमातले नट, त्यामुळे प्रसिद्धीचा तिला लहानपणापासून वीट. मागच्या ओळीतलं हे वाद्य तिला म्हणूनच मानवलं. २०२१ पर्यंत, म्हणजे तब्बल ५५ वर्षं, ती तिथे वाजवत राहिली. त्यातली १९७८ ते १९९१ ही वर्षं समोर संचालक होते ते झुबिन मेहता. बेस शिकलेला संचालक! ज्युलिअर्डमध्ये आणि इतरत्र तिनं कितीतरी विद्यार्थी तयार केले. तिच्यावर तिच्या भाचीनं काढलेल्या लघुपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा कुठे नाव जगाला कळलं.

आमच्या अंकलचं नाव कुठल्याच तबकडीवर नाही. सिंथेसायझर आल्यावर बोलावणी कमी होत गेली, मग थांबली. मी एकदा कुडावर गेलो तर ते गोव्याला परतल्याचं कळलं. वाद्य मात्र तिथेच होतं, जिन्याखाली उभं, त्याच खाकी कापडात. रेल्वेनं न्यायचं तर भाडं परवडेना, आणि एसटीच्या टपावर टाकायला त्यांचं मन होईना. जिना चढणारी पोरं जाता-येता त्यावर टिचकी मारत, आणि ते आतून घुमे.